गुलाबदाणीतली बुरशी

प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हा थुंकीच्या नमुन्यातून वाढलेली ॲस्परजिलस बुरशी मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि मला लग्नाच्या मांडवातली गुलाबदाणी आठवली. बारीक दांडा, वर फुगीर डोकं, भोवती तुषार. १७२९ साली ही बुरशी पाहून फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनियो मिकेलीला चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचं साधन आठवलं होतं. नाव त्यावरूनच पडलं.

ते तुषार म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू. आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि श्वासनलिकांमधला पातळ स्राव त्यांना बाहेर वाहून नेतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हा स्रावच घट्ट, चिकट होतो. आत आलेलं तिथेच रुतून बसतं.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी शवविच्छेदनांच्या आधारे हा आजार वेगळा ओळखला, तेव्हा ही मुलं फार लहानपणीच दगावत. मोठा धोका जीवाणूंचा होता. पुढे अँटिबायोटिक्स आली, मुलं शाळेच्या वयापर्यंत आणि त्यापुढेही जगू लागली. वाढलेल्या त्या आयुष्यात बुरशीलाही सवड मिळाली.

१९५२ साली लंडनमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी दम्याच्या रुग्णांमधला एक विकार मांडला. ताप, खोकला आणि एक्स-रेवर येणाऱ्या-जाणाऱ्या सावल्या. १९६५ साली मर्न्स, यंग आणि बॅटन यांनी तशाच सावल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये दाखवल्या. इथे बुरशी फुप्फुस पोखरत नाही. तिच्यावर चवताळलेली शरीराची ॲलर्जीच श्वासनलिकांची नासधूस करते. म्हणून उपचारात स्टेरॉइड देऊन शरीराच्या पहारेकऱ्यालाच आवरावं लागतं, तेही चोर घरात असताना. वर स्टेरॉइडमुळे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि या रुग्णांना तो धोका आधीपासूनच असतो.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. खोकला आणि एक्स-रेवर सावली दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो. या ॲलर्जीचे कितीतरी रुग्ण आधी क्षयाची औषधं घेऊन मग योग्य निदानापर्यंत पोचतात.

२०१९ साली अमेरिकेत तीन औषधांच्या एकत्रित गोळीला मान्यता मिळाली. ती आजाराच्या मुळाशी असलेलं बिघडलेलं प्रथिनच सुधारते आणि स्राव पातळ होतो. पण सोबत बुरशीवरचं इट्राकोनाझोल चालू असेल, तर त्यामुळे या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि तिचा डोस कमी करावा लागतो. इतकं पुढे येऊनही हिशेबात बुरशी आहेच.

रिपोर्टवर ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस’ लिहिताना आजही माझा हात क्षणभर थांबतो. आईबाप तो शब्द वाचून घाबरणार, हे मला ठाऊक असतं. पण नुसती बुरशी सापडणं म्हणजे आजार नव्हे. रक्तातलं आयजीई, एक्स-रे आणि रुग्णाचा श्वास असं सगळं एकत्र पाहूनच डॉक्टर ठरवतात. मी फक्त कोण आलंय ते सांगते. ते कशासाठी आलंय, हे त्या एका ओळीत मावत नाही.