देवघरातील देवांचे चित्रकार : कै. सांबानंद मोनप्पा पंडित



आपल्या मंदिरामागील पिंपळाच्या पारावर दर वर्षी नवरात्रापूर्वीच्या घरसफाईत जुन्या तसबिरींचा ढीग साचतो. काच तडकलेली, चौकट वाळवीने पोखरलेली, कागद पिवळा पडलेला. घरात ठेववत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून भाविक त्या देवाच्याच दारी आणून ठेवतात. संस्थानाच्या वतीने आजवर या तसबिरी एकत्र करून त्यांचे विसर्जन केले जात असे. गेल्या वर्षी टेम्पो निघून गेल्यानंतर पाराच्या कडेला एक तसबीर राहून गेल्याचे आढळले. सेवेकऱ्याने काच पुसली, तेव्हा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एस. एम. पंडित अशी इंग्रजी लिपीतील सही दिसली. यापूर्वी गेलेल्या तसबिरींत अशा किती होत्या, हे आता कोणासही सांगता येणार नाही. विसर्जनाचा निर्णय आमचाच होता आणि कोपरा पाहण्याचे आम्हांस सुचले नाही, हेही येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सदर लेख त्याच निमित्ताने लिहीत आहोत.

सांबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म 25 मार्च 1916 रोजी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे झाला. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू; घराघरांत कन्नड, मराठी, तेलुगू. चित्रकला शिकून त्यावर पोट भरण्याची सोय या भागात जवळपास नव्हतीच. मात्र गुलबर्गा हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरील स्थानक होते, आणि गावातील होतकरू माणसास मुंबईची वाट त्या रुळांनीच दाखविली. पंडितांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. प्रत्यक्ष मनुष्यदेह समोर बसवून रेखाटन करण्याची शिस्त तेथे कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत रुजली होती. स्नायू कोठे ताणला जातो, प्रकाश खांद्यावर कसा पडतो, वस्त्राची घडी कोठे मोडते, याची जी जाण पुढे त्यांच्या देवदेवतांत दिसते, तिचे मूळ या अभ्यासात आहे.

शिक्षणानंतर त्यांना काम मिळाले ते चित्रपटांच्या जाहिरातीचे. मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीच्या चित्रपटांसाठी त्यांनी शो-कार्डे रंगविली. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावले जाणारे हे मोठे रंगीत फलक असत. आत येणाऱ्याची पावले थबकावीत एवढेच त्यांचे काम आणि आयुष्य फार तर काही आठवड्यांचे. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ या गाजलेल्या मासिकाची मुखपृष्ठेही पंडितांनी केली. राज कपूर यांच्या 1949 सालच्या ‘बरसात’ या चित्रपटाच्या पोस्टरशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. या सर्व कामातून त्यांचा हात नाट्यमय प्रकाशाला सरावला. एका बाजूने तीव्र उजेड, दुसऱ्या बाजूस निळसर-जांभळी छाया, मागे दाटलेले ढग.

हाच हात जेव्हा पुराणकथांकडे वळला, तेव्हा आपल्या घरांतील भिंती बदलल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. राधा-कृष्ण, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, तसेच रामायण-महाभारतातील प्रसंग त्यांनी रंगविले आणि ते दिनदर्शिकांच्या रूपाने देशभर पोहोचले. दिनदर्शिकेची पद्धत अशी असे. चित्रकार मूळ चित्र रंगवून देई. छापखान्यात त्याचे छायाचित्र घेऊन रंग वेगळे केले जात व प्रत्येक रंगाची स्वतंत्र पट्टी तयार करून एकावर एक छपाई होई. मुंबईप्रमाणेच पुढे तमिळनाडूतील शिवकाशी हे या छपाईचे मोठे केंद्र बनले. व्यापारी आपल्या पेढीचे नाव खाली छापून घेत व नववर्षास किंवा दिवाळीस गिऱ्हाइकांना ती भेट देत. किराणा, भांडी, खते-बियाणे, औषधे या दुकानांतून ती खेड्यापाड्यांत जात. वर्ष संपले की तारखांचा भाग कापून टाकावा, चित्रास काच बसवावी आणि ते देवघरात न्यावे, हा प्रघात आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या घरी पाहिला असेल. चित्रकाराचे नाव मात्र फारसे कोणी विचारले नाही. कित्येकदा तर चौकट बसविणाराच सहीचा कोपरा पट्टीखाली दाबून टाकी.

या परंपरेचे आद्य पुरुष राजा रवि वर्मा (1848-1906). मूळचे केरळातील किळिमानूरचे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी पौराणिक चित्रांची मालिका केली, आणि 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढून आपली चित्रे सामान्यांच्या आवाक्यात आणली. तो कारखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. कमळावर उभी लक्ष्मी, वीणाधारी सरस्वती ही आज डोळे मिटताच जशी दिसते, तशी ती बहुतांशी त्या छापांमुळे दिसते. रवि वर्मांचे देव शांत, एखाद्या घरंदाज कुटुंबातील वडीलधाऱ्यांसारखे बसलेले. पंडितांचे देव हालचालीत असतात. आम्हांस दोन्ही आवडतात; परंतु लहानपणी ज्याच्यासमोर हात जोडले, तेच चित्र मनुष्यास अखेरपर्यंत खरे वाटते, हा आमचा अनुभव आहे.

पंडितांचे समकालीन दीनानाथ दलाल (1916-1971) व रघुवीर मुळगावकर (1918-1976) हे दोघेही गोमंतकीय. त्यांची दिवाळी अंकांवरील चित्रे मराठी वाचकांस सुपरिचित असल्याने त्यांविषयी येथे विस्तार करीत नाही.

या चित्रांनी नेमके काय केले, हे समजण्यास आपल्याच भागातील श्रीक्षेत्र गाणगापूरचे उदाहरण पुरेसे आहे. भीमा-अमरजा संगमाजवळील या क्षेत्री श्रीनृसिंह सरस्वती स्वामींच्या निर्गुण पादुकांची पूजा होते. तेथे भाविक मस्तक टेकवितो ते पादुकांपुढे. परंतु त्याच भाविकाच्या घरी तीन शिरे, सहा हात, मागे गाय व पायाशी चार श्वान अशी दत्तमूर्ती भिंतीवर असते, आणि ती छापील चित्रातून आलेली असते. क्षेत्री निर्गुण, घरी सगुण. यात आमच्या कोणत्याही वाडवडिलांस विसंगती जाणवली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि मंदिर विश्वस्त म्हणून ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. ज्यांना मंदिराच्या पायरीपर्यंतही येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या घरी देव प्रथम गेला तो चित्ररूपाने. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. कागदावरच्या विठ्ठलास मात्र कोणी बडवा वा पुजारी अडवू शकला नाही. चार-दोन आण्यांच्या त्या कागदाने जे केले, ते दगडी मंदिरांच्या व्यवस्थापकांनी फार उशिरा केले.

पंडितांच्या चित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की त्यांचे देव चित्रपटातील नटनट्यांसारखे दिसतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. मेनकेच्या चित्राची तसबीर कोणी देवघरात लावली असल्यास ती दिवाणखान्यात हलवावी, असे आम्हीही सुचवू! परंतु प्रत्येक काळातील कारागिराने देवास आपल्या काळाचाच चेहरा दिला आहे. चालुक्यकालीन शिल्पांतील देवतांच्या अंगावर त्या काळचेच दागिने आहेत. कलाजगतातील आक्षेप वेगळा होता. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाल्यानंतर जाणकारांचे लक्ष नव्या चित्रकलेकडे गेले व ‘कॅलेंडर आर्ट’ हा शब्द हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला. हा अन्याय होता असे आमचे मत आहे. ज्या चित्रापुढे लाखो घरांत रोज दिवा लागतो, त्यास केवळ व्यापारी म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे.

छापील चित्राची पूजा शास्त्रास मान्य आहे काय, असेही काही सभासद विचारतात. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. यातील रेखाटलेली म्हणजेच चित्र. त्यामुळे शंकेस जागा उरत नाही.

पंडित उत्तरायुष्यात मुंबई सोडून आपल्या गावी परतले व 30 मार्च 1993 रोजी त्यांचे निधन झाले. कलबुर्गी येथील डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर त्यांचे नाव धारण करून उभे आहे. नाटके, संमेलने, शाळांची स्नेहसंमेलने यांसाठी आपल्यापैकी अनेक जण तेथे जाऊन आले असतील. ते पंडित म्हणजे आपल्याच देवघरातील चित्राचे पंडित, हे किती जणांस ठाऊक होते याची आम्हांस शंका आहे. गेल्या वर्षापर्यंत आम्हांसही तो संबंध लक्षात आला नव्हता.

यापुढे पारावर ठेवलेल्या तसबिरी सरसकट विसर्जनास पाठविल्या जाणार नाहीत. त्या प्रथम कार्यालयात पाहिल्या जातील. सही असलेली वा जुन्या छापाची चित्रे वेगळी काढून सभामंडपाच्या कोरड्या खोलीत ठेवण्यात येतील. उर्वरित चित्रांची काच, खिळे व प्लास्टिक काढूनच पुढील विधी होईल. भाविकांस विनंती अशी की, जुनी तसबीर आणताना ती घरी उघडू नये. ओलाव्यामुळे कागद काचेस चिकटलेला असतो आणि ओढल्यास रंगासह सुटून येतो. चित्र कोणत्या साली, कोणत्या दुकानातून घरी आले, हे घरातील वडीलधाऱ्यांस आठवत असल्यास तेवढे एका चिठ्ठीवर लिहून तसबिरीच्या मागील बाजूस लावावे. कार्यालय सकाळच्या आरतीनंतर उघडे असते.

सचिव,
विश्वस्त मंडळाकरिता