अडकित्ता आणि विमान

जालन्याच्या माणसाचा विमानाशी संबंध पूर्वी मान वर करून बघण्यापुरताच होता. आमच्या गावाला 'सोन्याचा पाळणा' म्हणतात, पण त्या पाळण्याला अजून पंख फुटलेले नाहीत. विमानात बसायचे तर आधी पन्नास-पंचावन्न किलोमीटर रस्त्याने चिकलठाण्याला जावे लागते. त्यामुळे लांब उत्तरेकडे दिलेल्या ताईने "यंदा अण्णांना विमानानंच घेऊन ये" असा हुकूम सोडला तेव्हा घरात लग्न निघाल्यासारखी धांदल उडाली. आईने लोणच्याची बरणी भरली, अण्णांनी आपली चंची भरली आणि मी बँकेत रजेचा अर्ज भरला.

जाता-येता मिळून चारदा झडती झाली. त्यातली कुठली कुठल्या विमानतळावर, हे मी सांगणार नाही. खातेदाराचे नाव बाहेर फोडायचे नाही, ही आमची नोकरीतली सवय आहे.

जाताना पिशवी यंत्राच्या पट्ट्यावरून आत गेली आणि बाहेर आल्याबरोबर साहेबांनी लोणच्याची बरणी उचलली. (तेल सांडून कपडे खराब होतील म्हणून आईने ती मोठ्या बॅगेत ठेवू दिली नव्हती.)

"इसमें तेल है."

"तेल नसेल तर लोणचं टिकणार कसं?" मी म्हटलं. पाककलेच्या दृष्टीने हा मुद्दा बिनतोड होता, पण नियमात बसत नव्हता. बरणी गेली. आणि त्याच पिशवीत, बरणीला अगदी खेटून, चंचीमध्ये अण्णांचा अडकित्ता होता. वीतभर लांब, पितळी मुठीचा, आमच्या आजोबांपासून चालत आलेला. तो मात्र त्याच यंत्रातून राजासारखा बाहेर आला. म्हणजे कैरीच्या फोडीला बंदी आणि पात्याला मुभा! कॅशियरने फाटकी दहाची नोट परत करावी आणि खोटी पाचशेची हसत घ्यावी, तसला प्रकार.

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला की हे नियम करतो कोण आणि कशावरून? ताईकडे आठ दिवस दुसरा उद्योग नव्हता. दाजींच्या कपाटातली जुनी पुस्तके, वर्तमानपत्रांची कात्रणे असे काय काय चाळले. मी पडलो कॉमर्सचा. इतिहास म्हणजे माझ्या लेखी मागची शिल्लक पुढच्या पानावर ओढणे. पण गंमत अशी, की विमानतळावरच्या झडतीचा इतिहास नेमका तसाच निघाला. मागल्या वर्षी जी तूट आली, तिच्यासाठी यंदा रकाना आखायचा.

आपल्याकडे ही वही उघडली ३० जानेवारी १९७१ रोजी. श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळ काय होते? खेळण्यातले म्हणावे असे पिस्तूल आणि लाकडाचा हातबाँब. प्रवासी सुखरूप परतले. विमान मात्र तिथेच जाळले गेले. भारताने लगेच पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली आणि पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात जाणाऱ्यांना लंकेला वळसा घालणे भाग पडले. पुढे वर्षअखेरीस युद्ध झाले तेव्हा हा वळसा त्यांना फार महागात पडला. सुताराकडच्या लाकडाने एवढे मोठे काम दुसरीकडे कुठे केले असेल असे वाटत नाही.

सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून निघालेले बोइंग पुन्हा लाहोरला गेले. मग समिती बसली, समितीने शिफारस केली आणि जानेवारी १९७८ मध्ये विमानांच्या सुरक्षेसाठी नागरी उड्डाण खात्यात एक स्वतंत्र कक्ष निघाला. कक्ष निघाला म्हणजे टेबले आली, शिक्के आले, आवक-जावक रजिस्टर आले. आणि त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला भोलानाथ आणि देवेंद्रनाथ या पांडे मंडळींनी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान वाराणसीला वळवले. त्यांच्याजवळ खेळण्यातली पिस्तुले आणि एक क्रिकेटचा चेंडू होता. मागणी होती, इंदिराबाईंना तुरुंगातून सोडा. विमानात शे-सव्वाशे माणसे होती आणि चेंडू हा चेंडूच आहे, हे तेव्हा कुणाला ओळखता आले नाही. १९८० मध्ये दोघांनाही तिकिटे मिळाली आणि दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले. (तिकिटे निवडणुकीची. विमानाची त्यांनी स्वतःच काढली होती.)

इथपर्यंत मी ताईला वाचून दाखवत होतो आणि आम्ही दोघे हसत होतो. पुढचे पान उलटले आणि हसू थांबले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. बाँबची बॅग व्हँकूव्हरला विमानात चढली होती. बॅगेचा मालक चढलाच नव्हता. आणि टोरोंटोला बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडले होते. उरलेल्या बॅगांवरून हातातले छोटे यंत्र फिरवून काम भागवले गेले. त्यानंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, आपल्याकडच्या त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. विमानात बसण्यापूर्वी आपापली बॅग ओळखून दाखवण्याची जी कवायत पुढे कित्येक वर्षे चालली, तिच्यामागे ती बिनमालकाची बॅग आहे.

पुढचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेल. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला गेले, म्हणून २००० सालापासून आपल्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आले. २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटके लपवली, म्हणून अमेरिकेत जगभरच्या माणसांनी बूट काढले. ते त्यांनी थेट २०२५ पर्यंत काढले. २००६ मध्ये लंडनला बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा बेत पकडला गेला, म्हणून शंभर मिलिलिटरचे माप आले. २००९ मध्ये एकाने अंतर्वस्त्रात स्फोटके शिवून घेतली. तेव्हा मात्र सरकारांनी जुनी पद्धत सोडून नवी यंत्रे बसवली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आणि एवढे करून ताळेबंद काय? २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांच्याच खात्याची माणसे वेषांतर करून खोटे बाँब आणि हत्यारे घेऊन तपासणीतून गेली. सत्तर वेळा गेली, त्यातल्या सदुसष्ट वेळा कुणी पकडले नाही. आमच्या शाखेत तपासनीस आला आणि सत्तरपैकी सदुसष्ट चेकांवर सही नसताना पैसे दिलेले निघाले, तर मी हा लेख लिहायला बाहेर असतो का?

तरीही न्यायाने बोलले पाहिजे. कंदाहारनंतर आपले प्रवासी विमान असे कुणी परदेशी पळवून नेलेले नाही. तेव्हा त्या झडतीला अगदीच नावे ठेवता येणार नाहीत. कुलूप फुटत नाही ते चोराला कुलूप दिसते म्हणून, हेही खरे असेल. हातातल्या पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारायची पद्धत २०१७ पासून मोठमोठ्या विमानतळांवरून उठली तेव्हा मला मनापासून वाईट वाटले होते. शिक्क्याने सुरक्षा वाढत नाही हे मलाही कळते. पण आयुष्यभर शिक्केच मारत आलेल्या माणसाला आणखी एक जातभाई गेल्याचे दुःख होणारच.

परत येताना अडकित्ता सापडला.

"ये क्या है?" जवानाने विचारले. तरुण पोरगा होता, बोलायला अदबशीर.

अडकित्त्याला हिंदीत सरौता म्हणतात हे मला त्या क्षणी आठवले नाही. मी म्हटलं, "सुपारी के लिए है."

"किसकी सुपारी?"

"पिताजी की."

मागच्या रांगेतली दोन माणसे अर्धे पाऊल मागे सरकली. शेवटी अण्णांनी स्वतः चंचीतून अख्खी सुपारी काढून दाखवली तेव्हा पोराच्या चेहऱ्यावर रक्त परतले. तो म्हणाला, बाबा, ही मोठ्या बॅगेत टाकायची वस्तू आहे. मोठी बॅग केव्हाच पट्ट्यावरून निघून गेली होती. "जाताना हा याच पिशवीत होता," असे मी सांगायला गेलो तर अण्णांनी माझा हात दाबला. "उगाच त्या पलीकडच्या पोराची नोकरी जाईल," ते कानात म्हणाले.

निजामाच्या राज्यात जालना होते आणि पलीकडचा बुलढाणा वऱ्हाडात होता, तेव्हा मध्ये करोडगिरीचा नाका असे. आजोबा देऊळगावराजाच्या बाजाराला जात. नाक्यावरचा शिपाई सगळे गाठोडे सोडी, अडकित्ता सापडला की आजोबांकडून एक खांड सुपारी कातरून घेई आणि अडकित्ता परत देई. अण्णांनी ही गोष्ट त्या जवानाला मोडक्या हिंदीत सांगितली. त्याने ती उभ्याने सगळी ऐकली, हसलाही. मग अण्णांनी आपल्याच हाताने अडकित्ता जप्तीच्या पेटीत ठेवला. पेटीत नेलकटर होते, कात्र्या होत्या, एक लाकडी लाटणेही होते.

विमान चिकलठाण्याला उतरू लागले तसे अण्णा खिडकीला नाक लावून बसले. "बीडचा रस्ता कुठला रे?" त्यांनी विचारले. मला कळले ते काय शोधताहेत. २६ एप्रिल १९९३ ला मी बारा-तेरा वर्षांचा होतो. मुंबईला जाणारे विमान इथून उडाले, आणि धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकवर त्याचे चाक आदळले. पुढे विजेच्या तारा लागल्या. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत निघाले की वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहने आवरायला हवी होती, ती राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने आवरली नव्हती. विमानातली माणसे खिसे चाचपून घेऊनच चढली असतील. ट्रक आपल्या रस्त्याने चालला होता आणि त्यात कापूस होता. अण्णांच्या ओळखीतले एक गृहस्थ त्या विमानात होते. ते वाचले, पण पुन्हा कधी विमानात बसले नाहीत.

चाके टेकेपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. जालन्याच्या वाटेवर त्यांनी सवयीने चंचीत हात घातला, सुपारी काढली, थोडा वेळ बोटांत फिरवली आणि परत ठेवून दिली.

घरी पाऊल टाकतो न टाकतो तोच आईने विचारले, "लोणचं आवडलं का हो?"

मी अण्णांकडे बघितले.

"फार," अण्णा म्हणाले. "बरणीसुद्धा परत दिली नाही."