काळ्या पाण्यावरचा आमचा माणूस

आजी सांगे, "तुझ्या पणज्याचा बा काळ्या पाण्यावर गेला, त्यो माघारी न्हाई आला." शिरोळच्या महारवाड्यात त्याचा इतिहास एवढाच. 1876-77च्या दुष्काळात बेळगावकडे धान्य लुटताना सापडला, म्हणे. दंडविधानाच्या 395 कलमाने दरोड्याला जन्मठेप काळे पाणी होते.

अंदमानची वसाहत 1858 साली बंडवाल्यांसाठी उघडली. पुढे असलेच कैदी वाढले. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख. 1896 ते 1906 या काळात सेल्युलर जेल कैद्यांनीच बांधले. तिथल्या कोठड्यांतले राजबंदी आम्ही शाळेत पाठ केले. भिंती कोणी रचल्या, ते कुठल्या धड्यात नव्हते.

समुद्र ओलांडला की जात बाटते, ही सवर्ण कैद्याची मोठी धास्ती. सरकारनेही तिचा शिक्षेत हिशेब धरला. गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय बाटणार होते? तिकडे कैद्यांनी आपसांत लग्ने केली, जातीचे बंध ढिले झाले. त्यानेही घर मांडले असेल, तर माझे भाऊबंद पोर्ट ब्लेअरात असतील.

इकडे त्याच्या बायकोने कुंकू ठेवायचे की पुसायचे, हे तिला कोणत्याच कचेरीने कळवले नाही. ती मरेपर्यंत लावत होती.