मुंबईची मतदारयादी आणि चाळीची खोली

मुंबईच्या घरटंचाईचा इतिहास लिहितांना जमिनीची टंचाई, गिरण्यांची वाढ व प्लेग हीं कारणें सांगितलीं जातात. तीं खरीं आहेत. परंतु त्यांच्या जोडीस मतदारयादी हें साधनही तपासलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

1888 च्या कायद्यानें कॉर्पोरेशनचे 72 सभासद ठरले. पैकीं 36 वॉर्डांतून निवडून येत. 16 जस्टिस, 2 विद्यापीठाचे फेलो व 2 व्यापारी मंडळ निवडी. उरलेले 16 सरकार नेमी. वॉर्डांतील मताधिकार मुख्यतः करदात्यांचा होता. मजूर भाडें भरी, त्या भाड्यांतून मालक कर भरी. मत मात्र मालकाचें. महाग घराचा चटका ज्यास बसे, त्याचा निवडणुकीशीं संबंधच नव्हता.

1896 त प्लेग आला व 1898 त सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या 14 विश्वस्तांपैकीं कॉर्पोरेशननें निवडलेले अवघे 4. ट्रस्टनें रस्ते काढले, रोगट वस्त्या उठविल्या. पण उठविलेल्यांस नव्या खोल्या पुरल्या नाहींत. 1920 त सरकारनें डेव्हलपमेंट खातें काढलें. संकल्प 50,000 खोल्यांचा होता. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें 207 चाळी, म्हणजे सुमारें 16,000 खोल्या, उभ्या राहिल्या. हें खातेंही वॉर्डाच्या मतदारांस जबाबदार नव्हतें.

1922 त दरमहा 10 रुपये भाडें देणारास मत मिळालें. भाडेकरू यादींत आला खरा. परंतु खोली जितकी स्वस्त, तितका मताधिकार दूर, असा हा विपरीत न्याय होता. 1933 त ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्यें विलीन झाला, आणि 1948 ची निवडणूक प्रौढ मताधिकारानें झाली.

तथापि मत मिळालें म्हणजे घर मिळतें, असा निष्कर्ष घाईचा होईल. 1947 चा भाडेनियंत्रण कायदा कॉर्पोरेशनचा नव्हे, प्रांतिक विधिमंडळाचा. त्यानें भाडें 1940 च्या मानाशीं बांधलें. राहत्या भाडेकरूस आधार मिळाला. नवीं भाड्याचीं घरें बांधण्याचा उत्साह मात्र पुढें मंदावला. यादींत नांव असतें तें राहत्याचें. घर शोधीत येणारा यादीबाहेरच राहतो.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं जुन्या भाडेपावत्या व वॉर्डांच्या याद्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. एकाच चाळीचे हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचल्यास, भाडें कोण देत होता आणि मत कोण देत होता, याचा निवाडा तर्कावर सोडावा लागणार नाहीं.