नळीकडून घासाकडे

लंडनचे नामांकित शल्यविशारद जॉन हंटर यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाचा घसा लुळा पडला होता. घास तर सोडाच, पाणीही उतरेना. 1790 च्या सुमाराची ही गोष्ट. हंटरनी ईल माशाची ताजी कातडी एका लवचीक काडीवर चढवली, वरच्या टोकाला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधली आणि फेटलेली अंडी, दूध, साखर, वाइन असले पातळ अन्न थेट जठरात सोडले. काही आठवड्यांनी रुग्ण आपोआप गिळू लागला.

घशाला त्यांनी काही शिकवले नव्हते. त्याला वळसा घालून ते वाट पाहत राहिले, एवढेच. पुढची पावणेदोनशे वर्षे वैद्यक जवळजवळ तिथेच थांबले होते. सुधारत गेली ती नळी. आपल्याकडच्या वॉर्डांत सर्रास ऐकू येणारी, नाकातून घालायची राईल्स ट्यूब मुळात जठरातला रस बाहेर काढून तपासण्यासाठी होती. गाय्ज हॉस्पिटलच्या जॉन राईल यांनी ती 1921 मध्ये मांडली; अन्न आत घालायचे काम तिच्या गळ्यात नंतर पडले. 1979 मध्ये क्लीव्हलँडला पोटाला छोटे छिद्र पाडून, दुर्बिणीच्या मदतीने नळी बसवण्याची युक्ती निघाली आणि नाकही मोकळे झाले.

मात्र तोवर अतिदक्षता विभागांतून गंभीर अपघातांतले रुग्ण वाचून बाहेर पडू लागले होते. मेंदूला जबर मार बसलेली तरुण मुले घरी जायला निघत ती नळी घेऊनच. कॅलिफोर्नियातल्या रांचो लॉस अमीगोस पुनर्वसन रुग्णालयातला अभ्यास 1983 मध्ये छापून आला. डोक्याला इजा होऊन तिथे दाखल झालेल्यांपैकी सुमारे पाव जणांना गिळायला त्रास होता, आणि त्यातले बहुतेक पुढे पुन्हा तोंडाने जेवू लागले. म्हणजे प्रयत्न करण्यात अर्थ होता.

त्याच वर्षी जेरी लोगमन यांचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक आले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या या वाचाउपचारतज्ज्ञ बाईंनी क्ष-किरणांची तपासणी गिळण्याच्या कामी जुंपली. रुग्णाला पडद्यासमोर बसवायचे, चमचाभर बेरियम द्यायचे, मग लापशीइतके दाट काही, शेवटी बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा. घोट जिभेच्या मुळाशी रेंगाळतो का, स्वरयंत्र वर उचलले जाते का, हे दिसे. कधी पातळ धार सरळ श्वासनळीत उतरे आणि रुग्ण ढिम्म! ना खोकला, ना डोळ्यांत पाणी. ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक, ही घरोघरची खात्री त्या पडद्यावर साफ खोटी ठरली.

चूक दिसली की तिच्यावर इलाज शोधता येतो. हनुवटी छातीकडे झुकवा. श्वास रोखून गिळा आणि लगेच खोका. कंठमणी वर गेला की तो क्षणभर तिथेच धरून ठेवा. हे सगळे शिकवण्याजोगे होते, पण ज्याला सांगितलेले कळते त्यालाच. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला 'श्वास रोखा' सांगून काय उपयोग? ब्रिटिश वाचाउपचारतज्ज्ञ के कूम्ब्स यांनी इथे हातांनी काम केले. रुग्णाला नीट बसते करायचे, त्याचाच हात त्याच्या चेहऱ्याकडे न्यायचा, हिरड्यांवरून ओले बोट फिरवायचे, जबड्याला आधार द्यायचा आणि गिळण्याची वाट पाहायची. अन्नाचा कणही न देता सुरू होणारी ही पद्धत युरोपात चांगलीच रुजली.

सगळ्यात मोठी अडचण साध्या पाण्याची. आपल्याकडे आजाऱ्याला आधी घोटभर पाणी पाजतात, पण ढिल्या घशाला पाण्याइतके निसटते काहीच नाही. म्हणून पाणी, चहा, सूप सगळे दाट करून देण्याची प्रथा पडली. आता जगभर खाण्यापिण्याला मिळून शून्य ते सात अशा पातळ्या आहेत आणि पेयांचा दाटपणा मोजायला 10 मिलिलिटरची सिरिंज पुरते: 10 सेकंदांत किती वाहून गेले ते पाहायचे. कागदावर हे चोख आहे. तहानलेल्या माणसाला मात्र तो चिकट घोट नकोसा होतो. तो कमी पितो आणि अंगातले पाणी घटते.

लुइव्हिलच्या फ्रेझियर पुनर्वसन संस्थेने 1984 मध्येच यावर वेगळी वाट काढली होती. थोडेसे स्वच्छ पाणी फुप्फुसात गेले तरी शोषले जाते, खरा धोका तोंडातल्या जंतूंचा, असा त्यांचा हिशेब. तेव्हा जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, दात आणि जीभ नीट घासायची, मग साधे पाणी प्यायला द्यायचे. गोळी मात्र त्या पाण्याबरोबर नाही; ती दाट पदार्थात घालूनच.