खोळंबा (बांधकाम व्यवस्थापन)

बांधकामावरचा माणूस, यंत्र किंवा अर्धवट झालेला भाग पुढच्या कामाची वाट पाहत नुसता थांबून राहतो, त्या वेळेला खोळंबा म्हणतात. तांत्रिक कारणासाठी ठेवलेला अवधी यात धरत नाहीत. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साधे पोर्टलंड सिमेंट वापरले असेल, तर ४.५ मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस हलवायचे नसतात. हे दिवस काँक्रीटचे. आठव्या दिवशी सेंटरिंगवाल्यांची टोळी दुसऱ्या साइटवर अडकलेली निघाली, तर तिथून पुढचा वेळ खोळंब्याचा. वेळापत्रकाच्या आडव्या पट्टीत मात्र दोन्ही एकाच रंगात दिसतात, आणि खोळंबा सापडत नाही तो त्यामुळेच.

बांधकामातला वेळ वाचवण्याचे पहिले गाजलेले प्रयत्न कारागिराच्या हातांवर नजर ठेवून झाले. बॉस्टनमध्ये गवंडीकाम शिकलेला अमेरिकन ठेकेदार फ्रँक गिलब्रेथ याने एक वीट बसवताना होणाऱ्या अठरा हालचाली पाचांच्या आसपास आणल्या. विटा कमरेच्या उंचीवर, उचलायच्या बाजूने लावून ठेवायच्या, म्हणजे गवंड्याला प्रत्येक विटेसाठी वाकावे लागत नाही. फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात दिलेल्या आकड्यांनुसार तासाला माणशी १२० विटांवरून काम ३५० विटांवर गेले. मात्र विटाच आल्या नसतील, तर या चलाखीचा उपयोग शून्य.

१९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत आकाराला आली. कोणते काम लांबले तर सगळा प्रकल्प लांबेल, हे ती सांगते. ते काम ठरल्या दिवशी सुरू होण्याजोगे आहे का, याचे उत्तर तिच्याकडे नसते. या उणिवेवर फिनलंडचे संशोधक लॉरी कोस्केला यांनी १९९२ पासून बोट ठेवले. त्यांच्या मांडणीत कोणतेही काम सुरू व्हायला सात गोष्टी जुळाव्या लागतात : ड्रॉइंग, साहित्य, माणसे, यंत्रे, मोकळी जागा, आधीचे काम पूर्ण असणे आणि हवापाण्यासारखी बाहेरची परिस्थिती. यातली प्रत्येक गोष्ट वेळेवर मिळण्याची खात्री ९५ टक्के धरली, तरी सातही एकदम जुळण्याची शक्यता जेमतेम ७० टक्के उरते. प्रत्येक जण आपापल्या परीने चोख असूनही साइट का रखडते, याचे इतके सोपे गणित दुसरे नाही. आपल्याकडे सातव्या खान्यात पावसाळा आणि तिसऱ्यात पेरणीला किंवा सणाला गावी गेलेले मजूर, ही तर दरवर्षीची ठरलेली नोंद.

खोळंबा शोधण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे ठरावीक नसलेल्या वेळी साइटवर फेरी मारून कोण काम करतो, कोण सामान वाहतो, कोण थांबला आहे याच्या खुणा करणे. अशा नमुना-पाहणीचे तंत्र एल. एच. सी. टिपेट यांनी इंग्लंडच्या कापड गिरण्यांत घडवले. फेरीवर निघालेला साहेब लांबून दिसताच बिगारी घमेले उचलतो, तेवढी सूट आकड्यांत धरावी लागते.

उपायांमध्ये सर्वाधिक चर्चा झाली ती ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीची. येत्या सुमारे सहा आठवड्यांतली कामे आधी तपासायची, त्यांतले अडथळे कोण कधी दूर करणार ते ठरवायचे, आणि अडथळा उरलेला नाही अशीच कामे येत्या आठवड्यात घ्यायची. आठवडाअखेर कबूल केलेल्यांपैकी किती कामे पूर्ण झाली याची टक्केवारी काढतात. सुरुवातीच्या पाहण्यांत ती सरासरी निम्म्याच्या आसपासच निघाली. अर्धे काम झाले तर अर्धे गुण मिळत नाहीत : झाले किंवा नाही, एवढेच. न झालेल्या कामापुढे कारण लिहायचे, आणि ‘असे का?’ हा प्रश्न मूळ सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचा.

नावातला ‘शेवटचा नियोजक’ म्हणजे कामाची वाटणी प्रत्यक्ष करणारा माणूस. आपल्याकडे बहुधा साइट इंजिनिअर किंवा मुकादम. पद्धतीची खरी कसोटी इथे लागते. त्याने ‘उद्या जमणार नाही’ म्हणावे अशी तिची अपेक्षा असते, आणि ‘होऊन जाईल साहेब’ म्हणण्याची त्याला सवय असते. नकार ऐकून घेणारा वरिष्ठ नसेल, तर तक्त्यावर रंगीत चिठ्ठ्या तेवढ्या चिकटतात.

काही खोळंबे साइटवरच्या बैठकीत सुटतच नाहीत. गिलावा झाल्यावर नळाची जागा बदलली, तर दोष ड्रॉइंग उशिरा पक्के करणाऱ्या कार्यालयात असतो. रनिंग बिल अडकले की पोटठेकेदार भांडत बसत नाही. आपली दहा माणसे पैसे वेळेवर देणाऱ्या साइटवर हलवतो. आठवड्याच्या तक्त्यात मात्र कारण म्हणून ‘मजूर कमी’ एवढेच लिहिले जाते.