रबराचा चिवटपणा आणि रेणूंची गुंफण

पदार्थाचे गुण त्याच्या घटकद्रव्यांवरून ठरतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु रबराचा इतिहास पाहूं गेल्यास, द्रव्य तेंच, प्रमाणही तेंच, आणि तरीही एक पदार्थ ओढतांच तुटतो व दुसरा ताणून पुन्हा पूर्ववत् होतो, असा प्रकार दृष्टीस पडतो. त्याचें कारण वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कच्चें रबर गंधकासह तापविल्यास टिकाऊ होतें, हें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइअर ह्यास १८३९ सालीं आढळलें. तें कां होतें, हें त्यास कळलें नाहीं. १८६० सालीं तो कर्जांत बुडालेल्या स्थितींतच वारला. रबरादि पदार्थ हे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे असतात, असें जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर ह्यानें १९२० सालीं प्रतिपादिलें. समव्यवसायी विद्वानांनीं त्यास पुष्कळ विरोध केला. नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडलें! गंधक ह्या साखळ्यांना एकमेकींशीं कायमचें जखडतो. मात्र ह्या बंधनाची किंमतही मोठी: असें रबर पुन्हा वितळत नाहीं, व झिजलेली धांव वितळवून नवी ओततां येत नाहीं.

जखडल्यावांचून बळ आणतां येईल काय? ह्याचें उत्तर मायकेल श्वार्त्स ह्या पोलंडांत जन्मलेल्या रसायनज्ञाच्या प्रयोगांतून निघालें. अमेरिकेंत सिरॅक्यूज येथें १९५६ सालीं त्यानें एका हिरव्या द्रावांत स्टायरीन घातलें, तों द्राव तांबडा झाला. स्टायरीन संपलें तरी साखळ्यांचीं टोकें ‘जिवंत’ राहिलीं; नवें द्रव्य घालावें तों साखळी पुढें वाढावी. आतां एकाच साखळींत निरनिराळ्या द्रव्यांचे खंड हव्या त्या क्रमानें गुंफतां येऊं लागले. गुडइअरची कथा घरोघर माहीत आहे. श्वार्त्सचें नांव तितकें नाहीं, ही गोष्ट आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

ह्याच प्रयोगांतील त्याचा सहकारी राल्फ मिल्कोविच पुढें शेल कंपनींत गेला, व १९६५ सालीं तिनें ‘क्रेटॉन’ बाजारांत आणलें. ह्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांस स्टायरीनचे कठीण खंड व मध्यें ब्युटाडाईनचा लांब, मृदु खंड असतो. हे दोन प्रकारचे खंड एकमेकांत मिसळत नाहींत. टोकांचे खंड एकत्र जमून अतिसूक्ष्म कठीण बेटें बनतात, आणि प्रत्येक साखळी दोन बेटांत रोवली जाते. सुमारें १०० अंश सेल्सियसवर हीं बेटें मऊ होतात, निवल्यावर पुन्हा कठीण. म्हणून जोड्याचा तळ पुन्हा ओततां येतो.

आतां तींच द्रव्यें त्याच प्रमाणांत घेऊन स्टायरीन एकाच टोकास ठेवा. पदार्थ कच्च्या रबराइतका दुबळा! स्टायरीन मध्यें व ब्युटाडाईन दोन्ही टोकांस ठेविलें तरी तीच गत. बाजेची सुतळी एकाच बाजूस बांधून तिच्यावर बसूं पाहणाऱ्याचें काय होईल, हें सांगावयास नको.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मिनेसोटा विद्यापीठांत फ्रँक बेट्स ह्यांच्या मंडळीनें ह्याहूनही सूक्ष्म भेद दाखविला. त्यांच्या पदार्थांत कठीण व मृदु द्रव्यांचे थर एकाआड एक होते. तीन खंडांच्या साखळींतील कठीण थर केवळ टोकांचे बनलेले असल्यानें तो पदार्थ काचेसारखा ठिसूळ निघाला. पांच खंडांच्या साखळींत मधला कठीण खंड आपल्या थरांतून आरपार जाऊन दोन्ही बाजूंच्या मृदु थरांस बांधतो; तो पदार्थ ओढल्यावर न तुटतां लांबत गेला.